अकरा वर्षं नवा

अकरा वर्षं एकत्र काढूनही माणूस 'नवा'च राहतो, हे आमच्या बँडमध्येच होऊ शकतं. त्याचं नाव संदेश. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, हाक मारायला सोपं नाव. पण अभयनं, म्हणजे आमच्या गिटारिस्टनं, पहिल्याच दिवशी ओळख करून देताना "हा नवा" म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याचं लग्न झालं, कानाजवळचे केस पिकले, चष्मा लागला. तरी तो नवाच. मीही त्याला तसंच म्हणायचो, आणि तोही ओ द्यायचा.

आमच्या बँडचं नाव 'गंज'. हेवी मेटल, आणि तेही मराठीत. ठाणे ते कल्याण एवढ्या टापूत आम्हाला बऱ्यापैकी ओळखत. मूळ गायक केदार. देखणा, उंच, केस खांद्यापर्यंत. पहिला अल्बम चालला आणि साहेब कॅनडाला नोकरी पकडून गेले. जाताना म्हणाले, "बँड चालू ठेवा रे." जणू गॅसवरचं दूध आमच्या हवाली केलं होतं. त्यानंतर आलेला गायक पुण्याला बदली होऊन गेला. त्याच्यानंतरच्याला दोन महिन्यांत साक्षात्कार झाला की आपल्याला गझल गायच्या आहेत. मग विठ्ठलवाडीहून हा आला.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला अभयच्या काकांच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये वाजवायचो. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या होत्या. नवा कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचा. खांद्यावर लॅबची बॅग, अंगात इस्त्रीचा फिका निळा शर्ट. अभयनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू मेटल ऐकतोस?"

"ऐकतो ना. पण आधी चहा मिळेल का? सकाळपासून उपाशी लोकांचं रक्त काढतोय, मीपण उपाशीच आहे."

चहा पिऊन तो गायला उभा राहिला. पहिल्याच गाण्यात सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून आले, कुणाला मारताय का ते बघायला. एरवी "हलकंसं टोचेल हां, आजी" म्हणणारा हा माणूस पोटातून असा आवाज काढायचा की माझ्या ड्रमसेटच्या झांजा न वाजवता थरथरायच्या.

त्याची एक सवय मला सुरुवातीला अजिबात आवडायची नाही. जुनं कुठलंही गाणं सुरू करण्याआधी तो माईकवर सांगायचा, "गाणं केदारचं, गळा माझा." प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक जुन्या गाण्याला. मी चिडून म्हणालो, "तो तिकडे बर्फ उपसतोय, तू कशाला त्याची जाहिरात करतोस?" त्यावर तो म्हणाला, "अरे, उसनं गाणं आहे. नाव तरी खरं सांगायला नको?"

हे त्याच्या घरातून आलेलं होतं. त्याचे वडील, आबा, भीमगीतांच्या एका गायन पार्टीत कोरसला असत. जयंतीच्या दिवसांत त्यांना घरी जेवायला फुरसत मिळत नसे. त्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. कुठल्याही पार्टीनं ते गाणं घ्यावं, कुणीही गावं, पण ते नाव गाळायचं नाही. आबांचं म्हणणं असं की आपलं गाणं आपण गायलं तर त्यात काय मोठंसं. दुसऱ्यानं आपलं नाव घेऊन गायलं, की मग ते खरं गाणं झालं. घरी कुणी गाणं मागायला आलं, तर आबा चहाच्या आधी गाणं देत.

लोकांना मात्र याचं काय? दरवेळी पुढच्या रांगेतून "केदार, केदार" ओरडा सुरू व्हायचा. कल्याणच्या एका कॉलेजात एका शहाण्यानं "केदारला बोलवा" म्हणत पाण्याची बाटली फेकून मारली. नव्यानं ती उचलली, झाकण उघडलं, दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "गार आहे. थँक्यू." लोक हसले. मी ड्रममागे दातओठ खात बसलो होतो. परत येताना रिक्षात त्याला म्हणालो, "तुला राग कसा येत नाही रे?" तो म्हणाला, "येतो की. त्याच्यावरच तर आपलं दुकान चालतं."

मग त्यानं 'वालधुनी' लिहिलं. वालधुनी ही त्याच्या घरामागून वाहणारी नदी. नदी आपली म्हणायची. जीन्स धुणारे कारखाने जो रंग सोडतील त्या रंगाची ती होते. आज निळी, उद्या काळी. "आमच्याकडे फॅशन आधी नदीला कळते," असं तो म्हणायचा. गाणं त्या पाण्यावर होतं, आणि त्या वासात अभ्यास करणाऱ्या, जेवणाऱ्या, लग्नं लावणाऱ्या माणसांवर. शब्द त्याचे, चाल त्याची. मी फक्त सुरुवातीला काड्यांचे चार ठोके द्यायचो आणि ते अंगावर यायचं. वर्षभरात लोक केदारची गाणी विसरले नाहीत, पण 'वालधुनी' झाल्याशिवाय घरी जाईनासे झाले.

आणि मग केदार आला. कॅनडातलं काही बिनसलं होतं की नुसतीच हुक्की आली होती, कोण जाणे. अभयनं आम्हाला विचारलंसुद्धा नाही. ग्रुपवर मेसेज टाकला की घोडबंदर रोडच्या सभागृहात मोठा कार्यक्रम, मूळ गायकासह. नव्यानं अंगठा दाखवला. थोड्या वेळानं अभयनं त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. अकरा वर्षांच्या माणसाला फोन नाही, भेट नाही. गरज सरो, वैद्य मरो.

मी अभयला फोन लावला. "अरे, इमोशनल नको होऊस," तो म्हणाला. "पब्लिकला केदार पाहिजे."

"अकरा वर्षं पब्लिक काय तुझं तोंड बघायला येत होतं?"

मी बँड सोडणारच होतो. मला थांबवलं ते नव्यानंच. "'वालधुनी' घेणार आहेत का?" एवढंच त्यानं विचारलं. म्हटलं, घेणारच, सगळ्यात जास्त तेच चालतं. "मग तू वाजव. मी आबांना घेऊन येतो. त्यांनी माझं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून कधी ऐकलेलं नाही."

ज्याची जागा काढून घेतली तो माणूस असा आनंदानं येणार होता. मी केदारला तालमीत बजावलं की 'वालधुनी'च्या आधी संदेशचं नाव घ्यायचं. एकदा नाही, दर तालमीला. "घेईन रे, नक्की," तो म्हणायचा आणि केस बांधायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी नवा तिकीट काढून चौथ्या रांगेत बसला होता. शेजारी आबा, पांढऱ्या शर्टात. त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते सगळा वेळ गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. 'वालधुनी'ची वेळ आली. केदार माईक हातात घेऊन म्हणाला, "लहानपणी सुट्टीत आपण सगळेच गावी जायचो. गावाला नदी असायची. ही आपल्या आठवणीतली नदी."

वालधुनी! आठवणीतली! त्या नदीवरून जाताना लोक नाक दाबतात. आणि नाव? नाव नाहीच. त्यानं वळून मला खूण केली. मी ठोके दिले नाहीत. काड्या मांडीवर ठेवून बसलो. अभयनं भुवया उंचावल्या. केदार जवळ आला. "काय झालं?"

"नाव घे त्याचं."

"कुणाचं?"

नाटक असतं तर परवडलं असतं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. अभय त्याच्या कानाशी लागला. केदार पुन्हा माईकवर गेला आणि हसत म्हणाला, "हां, आणि तो आपला नवा. मधली वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल त्यालापण थँक्यू." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाच्या मालकाला थँक्यू. मी काड्या ड्रमवर ठेवल्या आणि उठून विंगेत गेलो.

अभय गडबडला नाही. त्यानं माईक घेऊन सांगून टाकलं, "आमच्या ड्रमरला जरा बरं वाटत नाहीये. आपण दुसरं गाणं घेऊ."

तेव्हा चौथ्या रांगेतून आवाज आला. माईक नव्हता, तरी मला विंगेत ऐकू आला. "त्याला काही झालेलं नाही. गाणं माझं आहे. माझं नाव संदेश." लोक माना वळवून बघायला लागले. मग कुणीतरी मोबाइल वर केला आणि कुणाला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून शिट्टी मारली. केदार गिटार घेऊन एकटाच जुनं काहीतरी गायला लागला.

मी बाहेर धावलो. नवा आबांचा हात धरून रिक्षा शोधत होता. अकरा वर्षं गुरकावूनही ज्याचा घसा कधी बसला नव्हता, त्याचा त्या तीन वाक्यांनी पार बसला होता. आबा त्याला विचारत होते, "आपलं नाव घेतलं ना रे त्यानं? त्या दणक्यात मला काही समजलं नाही."

"घेतलं, आबा."

"मग तू कशाला ओरडलास?"

"त्यानं नाव घेतलं, मी ओ दिली."

आबांनी समाधानानं मान हलवली. मला तिथल्या तिथे परत आत जाऊन केदारच्या मुस्काटात मारावीशी वाटली. नव्यानं माझ्या दंडाला धरलं आणि आम्हाला एका रिक्षात बसवलं.

केदार कॅनडाला परत गेला. मी बँड सोडला. अभयला आता पुन्हा गायक हवा आहे, आणि 'नव्याला विचारून बघ ना' असे मेसेज तो निर्लज्जपणे मला पाठवतो.

मध्यंतरी डोंबिवलीतल्या कॉलेजच्या मुलांचा एक बँड माझ्याकडे आला. चांगली मुलं. त्यांना 'वालधुनी' गायचं होतं. पोस्टरवर कवीचं नाव टाकू, आधी घोषणा करू, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी खुशीत विठ्ठलवाडीला गेलो. घरात आबा टीव्हीसमोर बसले होते, नवा लॅबची बॅग भरत होता. आबांनाही कळावं म्हणून मी मोठ्यानं सांगितलं की पोरं गाणं मागतायत.

आबांचा चेहरा खुलला. "गाणं मागतायत? अरे, मग देऊन टाक."

नवा बॅगेची चेन लावत म्हणाला, "नको."

"ते नाव घेणार आहेत रे," मी म्हणालो.

"आज घेतील. नको. ते आता कुणी गायचं नाही. मीपण नाही."

आबा माझ्याकडे बघून विचारायला लागले, "काय म्हणतोय?" त्या घरात गाणं मागायला आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ याआधी कधी आली नसेल. दुसऱ्याचं नाव जो इतक्या मोकळ्या हातानं वाटायचा, त्या माणसाला अभय आणि केदारनं कंजूष करून ठेवलं. त्याची जागा घेतली, ते एक वेळ मी विसरेन. हे मी त्यांना माफ करणार नाही.