एका यंत्रामागे, देवळी ते गिरड

देवळीच्या मोटार स्टँडावर मी गाडीत चढलो तेव्हा पिशवीत भाकरी, ठेचा आणि एक धोतर होतं. घरी चुलीजवळ गयाबाईचा पितळी गंज (पातेलं) पालथा घालून आलो होतो. माझी बायको भागरता गेली, तिची तेरवी झाली आणि मला ताप भरला. तेव्हा शेजारच्या गयाबाईनं त्या गंजात कढी आणून दिली होती. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर डाळ, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. ते सगळं भागरता पाहायची. मी गंज राखेनं घासून लख्ख करायचो, यात काय घालावं ते सुचायचं नाही, की पुन्हा पालथा. पावसाळा गेला तरी गंज माझ्याचकडे.

मी का निघालो ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फिरायला गेला.

गेल्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत (दसऱ्यानंतर पोरीबाया भुलाबाई मांडून गाणी म्हणतात, ते दिवस) सरकारची प्रचाराची मोटार गावात आली होती. तिच्यात आवाज धरून ठेवणारं यंत्र होतं. तपकिरी फितीचं रीळ फिरतं आणि बोललेलं सगळं त्या फितीवर बसतं. मोटारीतले मेश्रामबाबू म्हणाले, नवीन यंत्र आहे, खेड्यात चालतं का ते पाहायचंय. भागरतानं भुलाबाईचं गाणं म्हटलं. यंत्रानं ते जसंच्या तसं परत म्हटलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवो माय, मी अशी म्हंतो का वो?"

तिचा फोटो आम्ही कधी काढला नाही. तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या फितीवर. ते एकदा ऐकायचं, एवढंच माझं काम होतं.

देवळी सोडली की दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली. कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या आणि त्यांच्या मागे आमची मोटार धूळ खात. अर्ध्या वाटेत इंजिन तापलं. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवून नाल्यावरून पाणी आणायला लावलं.

"तिकीट बी आमीच काढाचं अन् पाणी बी आमीच भराचं?" मी म्हणालो.

"तुमी बसा बाबाजी," ड्रायव्हर म्हणाला. "इंजिनापेक्षा तुमची जीभच जास्त तापून राह्यली."

वर्धेत प्रचाराचं ऑफिस शोधून काढलं. साहेब पानाचा डबा उघडून बसले होते.

"ते यंत्र आता आमच्याकडे नाही. शेतीच्या ऑफिसला मूल्यमापनासाठी दिलं."

"म्हंजे?"

"म्हणजे ते कामाचं आहे की नाही, हे पाहायला."

"तुमी तं पाह्यलं होतं ना?"

"आमचा अभिप्राय वेगळा, त्यांचा वेगळा."

"तुमचा काय होता?"

"यंत्र चांगलं आहे."

शेतीचं ऑफिस म्हणजे समोरचीच इमारत. तिथले साहेब तरुण, बोलायला गोड. हसत म्हणाले, "आम्ही तर नागपूरकडे नवीनच मागणार होतो. समोरच्यांकडे ते पडून आहे, हे आम्हाला चहाच्या दुकानात कळलं."

"अन् मंग?"

"मग आणलं, बोलून पाहिलं. हॅलो, एक, दोन, तीन. चांगलं यंत्र आहे."

"त्या फितीवर गाणं होतं, साहेब."

"अरे! आम्हाला कोणी सांगितलं नाही हो."

 मी मनात हिशेब केला, एक-दोन-तीन म्हणायला फीत ती किती लागणार? वीतभर गेली असेल. गाणं चांगलं लांब होतं. यंत्र कुठं गेलं विचारलं, तर पवनारच्या ग्रामसेवकांच्या शिबिरात.

पवनारला धाम नदीच्या खडकावर बसून भाकरी खाल्ली. पाणी निवळ, मासे पायाशी येत होते. भागरता असती तर म्हणाली असती, पाय काहाडा, मासे मरतीन. हसू आलं आणि पाय बाहेर काढले.

शिबिराचे गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी मला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. यंत्राचं विचारल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "फार चांगलं यंत्र! तसा अभिप्रायही लिहून दिला. आणि परत करताना सगळी फीत पुसून कोरी करून दिली. दुसऱ्याची वस्तू आहे, तशीच कशी द्यायची?"

 शिवी ओठावर आली होती. पण या माणसानं भांडं घासून परत केलं होतं. तेच काम मी घरी करत होतो.

ते माझ्याकडे पाहून घाबरले असावेत. घाईघाईनं म्हणाले, "दोन रिळं होती, बरं का. एकच आमच्याकडे आलं. दुसरं मेश्रामबाबूंजवळ आहे. त्यांची मोटार सध्या गिरडला आहे. आमचं रीळ आणि यंत्रही त्यांनीच नेलं."

म्हणजे अजून आशा होती. वर्धेला परत येऊन हिंगणघाटची गाडी धरली. खिडकीतून पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) पाहत बसलो आणि राग चढत गेला. आमच्यात कपाशीचं नवीन वाण आलं की एक जण धुऱ्याला (बांधाला) लागून, वाटेच्या कडेला चार तासं (ओळी) पेरतो. येणारा-जाणारा थांबतो, बोंड उकलून पाहतो, नावं ठेवतो. पुढच्या साली सरकी मागायला आला की पेरणारा त्याला तोंडानं सांगतो, याला कीड लवकर लागते, हे भारी जमिनीतच टाक. यात कोणी अभिप्राय लिहीत नाही. आणि इथं? यंत्र एक, ऑफिसं तीन, आणि प्रत्येकानं दार लावून घरातल्या घरात पेरून पाहिलं. पीक चांगलं आहे एवढंच बाहेर येऊन सांगितलं. आत काय उगवलं होतं ते कोणी पाहिलं नाही.

हिंगणघाटला धर्मशाळेत अंग टाकलं आणि सकाळी समुद्रपूरची मोटार धरली. पुढं एका बंडीवाल्यानं बसवून घेतलं. गिरडची दर्ग्याची टेकडी दिसली तसा तो सांगू लागला, "त्या टेकडीवर सुपारीएवढाले गोटे सापडतेत. एक व्यापारी फरीदबाबाशी खोटं बोल्ला, तं त्याच्या समद्या मालाचे गोटे झाले."

"मंग बाबाले एक डाव वर्धेच्या ऑफिसात नेलं पायजे," मी म्हणालो. बंडीवाला इतका हसला की बैल बिचकले.

प्रचाराची मोटार टेकडीच्या पायथ्याशी कडुलिंबाखाली उभी होती. मेश्रामबाबूंनी मला लगेच ओळखलं.

"या बाबाजी! आजी बरी आहे ना? तिचं गाणं ऐकून आमचे साहेब—"

"मेली."

त्यांनी हातातली पेटी खाली ठेवली. मी कशासाठी आलो ते सांगितलं. ते दुसरं रीळ काढून लावू लागले. रीळ फिरलं. खरखर झाली, मग मेश्रामबाबूंचाच आवाज, बियाणाला औषध कसं चोळावं. मी ऐकत राहिलो. मग दुसऱ्या कोणाचं भाषण. मग नुसती खरखर. फितीचं टोक सुटून फटफट वाजायला लागलं, तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं.

"गाणं पहिल्या रिळावर होतं," ते खाली पाहून म्हणाले. "मला वाटलं, चुकून यावर असेल. मी यंत्र दिलं, बाबाजी. आत काय आहे ते सांगावं, हे सुचलंच नाही."

"मंग सुचते तरी काय तुमाले? चांगलं यंत्र, चांगलं यंत्र! गुरुजीनं धुवून देलं म्हंते. अरे धुवा, पण आत काय हाय ते इचारून तं धुवा!"

आजूबाजूला माणसं जमली. मेश्रामबाबूंनी पुसलेलं रीळ चढवलं, बोलायचा दांडा माझ्यापुढं धरला. "हे यंत्र परवा चौथ्या ऑफिसला जायचंय. तुम्हीच सांगा त्यांना."

मी घसा खाकरला आणि बोललो, "मी देवळीकडचा. हे यंत्र चांगलं हाय. तीन साहेबायनं सांगतलं, आता चवथ्यानं सांगू नोका. ज्याले हे देसान त्याले सांगजा, यात काय हाय, कोणाचं हाय. पुसाच्या पयले इचारजा. याच्यात माही बायको होती."

"हे मी पुसणार नाही," मेश्रामबाबू म्हणाले.

"तुमी नाई पुसणार. चवथा पुसन."

माझा आवाज मी परत ऐकला नाही. दर्ग्याच्या वाटेवरच्या दुकानातून रेवड्या घेतल्या आणि आल्या वाटेनं निघालो. परतीच्या मोटारीचं इंजिन तापलं नाही. माझी जीभही नाही.

घरी आल्यावर गंज सुलटा केला, त्यात रेवड्या ओतल्या आणि गयाबाईच्या दारात गेलो.

"काऊन भाऊजी, एवढ्या रेवड्या?"

"रिकामा कसा देऊ?"

तिनं गंज घेतला. रेवड्या पाहत विचारलं, "भेटलं का गाणं?"

"नाई. पुसलं."

"गाणं तं मले बी येते. म्हणून दाखवू?"

"गाणं नाई पायजे मले," मी म्हणालो.

तिला समजलं. रेवडी तोंडात टाकून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गंज पुन्हा माझ्या उंबऱ्यावर, ताकानं भरलेला. काय ही बाई! ताक प्यालो, गंज घासला आणि चुलीजवळ घेऊन बसलो. यात काय घालावं, हा विचार पुन्हा आलाच.