ज्ञानूचे पाच पेपर

ज्ञानेश्वरी माझी नणंद. घरात सगळे तिला ज्ञानू म्हणायचे. मी लग्न होऊन सालवडला आले तेव्हा ती पालघरच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. आमचं फारसं जमत नसे. ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, जेवलेलं ताट मोरीत ठेवून पुस्तक उघडायची. भांडी माझ्या वाट्याला. सासूबाई म्हणायच्या, शिकू दे तिला, आपल्या घरातली पहिलीच आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा दुखायला लागला. बॅगेच्या ओझ्यानं दुखत असेल असं सगळ्यांना वाटलं. दोन महिने मी बाम चोळला. मग एका सकाळी केस विंचरताना तिच्या हातातून कंगवा पडला आणि तिला हातच वर नेता येईना. एक्स-रे काढला, मग मुंबईचं मोठं इस्पितळ. हाडाचा कॅन्सर निघाला. ज्ञानू एकोणीस वर्षांची होती.

माझा नवरा मनीष आणि सासरे, दोघेही तारापूरच्या कारखान्यांत शिफ्टला. रजा किती मिळणार? सासूबाईंचे गुडघे जिने चढू देत नव्हते. राहिले मी. बारावी झालेली, फॉर्मवर इंग्रजीत नाव-पत्ता लिहिता येणारी. केमोला मी, रक्त तपासायला मी, रिपोर्टच्या रांगेतही मीच.

शेजारी म्हणायचे, कारखान्याच्या वासानं झालं असेल. सासऱ्यांनी ते मनाला लावून घेतलं. एकदा इस्पितळात आले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना तसं विचारलंही. डॉक्टर म्हणाले, असं कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून कामावरून आल्यावर ते आधी आंघोळ करायचे आणि मगच तिच्या खोलीत जायचे.

एप्रिलमध्ये खांद्याचं हाड काढून धातूचा सांधा बसवला. हात राहिला, पण पेन धरून तीन तास लिहिणं होणार नव्हतं. तरी तिला चौथ्या सेमिस्टरची परीक्षा द्यायचीच होती. कॉलेजनं लेखनिक घ्यायला परवानगी दिली. अट एवढीच, की तो तिच्यापेक्षा कमी शिकलेला हवा. म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी बाद. ज्ञानूनं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणणार होते, खरंच म्हणणार होते. अंगात त्राण नव्हतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

पाच पेपर होते. वेगळी खोली, एक सुपरवायझर मॅडम आणि आम्ही दोघी. डोक्याला रुमाल बांधून, डोळे मिटून ती सांगायची आणि मी लिहायची. पहिल्या दिवशी मी दर शब्दाला अडत होते.

"वहिनी, समजून घेऊ नकोस," ती म्हणाली. "मी सांगते तेवढंच लिही."

आकृत्या तिनं मला माझ्या भाषेत सांगितल्या. आडवी रेघ मार, पुढे करवतीचे चार दात काढ, आता चकलीसारखे वेढे. मॅडम आधी हसल्या, मग खिडकीबाहेर बघत बसल्या. चौथ्या पेपरला ज्ञानूला उलटी झाली. तोंड धुऊन आली आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे सांगायला लागली. तिच्यावरचा माझा जुना राग कधी गेला ते मला नक्की सांगता येणार नाही, पण त्या पेपरनंतर तो नव्हता.

चार विषय सुटले, एक राहिला. एखादी आकृती माझ्या हातून उलटी निघाली असेल का, कोण जाणे. ती एकदाही तसं म्हणाली नाही. राहिलेला विषय पुन्हा द्यायला केटीचा फॉर्म तिनं लगेच भरायला लावला. पण पाऊस ओसरता ओसरता तिला खोकला सुरू झाला आणि फुप्फुसांत गाठी दिसल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. बसल्या बसल्या माझी मान पडली आणि वाटी चादरीवर कलंडली.

"वहिनी, दमलीस ना?"

सगळ्यांना नाही म्हणायची सवय झाली होती. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "हो गं. खूप."

"मी पण," ती म्हणाली.

मी चादर बदलली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्यानंतर सोळा दिवसांनी ती गेली. सकाळी नऊची वेळ, सासरे पहिल्या शिफ्टला गेलेले. कारखान्याच्या गेटवर निरोप पोचून ते घरी येईपर्यंत साडेदहा झाले. कॉलेजची मुलं दुपारी आली, गळ्यात ओळखपत्रं तशीच. त्यांच्यातली जागृती मला म्हणाली, ज्ञानू तुमच्या अक्षराचं फार कौतुक करायची. मला ते माहीत नव्हतं. मी तिला पाणी दिलं.

तेरावं झाल्यावर सासूबाईंनीच मला माहेरी, सफाळ्याला पाठवलं. तिथं मी जेवण्यापुरती उठायची. शेजारची नर्मदामावशी विचारायला आली, पोरीला बरं नाय काय? आई तिला म्हणाली, "बरी हाय. निजू दे तिला."

सहाव्या दिवशी सासरे स्वतः आले. पडवीत बसून चहा घेतला, बाबांशी भाताच्या झोडणीबद्दल बोलले. मग मला म्हणाले, "रूपाली, येतेस का बाळा? हिला एकटीला घर खायला उठतं."

मी आत जाऊन पिशवी भरली.