जाकीटवाले जवाई

मे महिन्यात वांकिडीची कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पोट टेकवून पडलेली असतात. अशा दुपारी माझे साडू तिथल्या आमच्या सासुरवाडीच्या दारात मोटारसायकलवरून उतरत. अंगात जाड काळं जाकीट, हातात मोजे, गुडघ्यांना पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. एकेक काढून बाजेवर ठेवायला त्यांना इतका वेळ लागे की सासूबाई पाण्याचा तांब्या या हातातून त्या हातात घेत उभ्या राहत. गल्लीतली पोरं बघायला जमत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांचं नाव पडलं, जाकीटवाले जवाई.

मी त्या घरचा थोरला जावई. ते येईपर्यंत मी एकटाच होतो, आणि एकटा जावई असण्यात काय सुख असतं ते ज्याला पुढे साडू मिळाला त्यालाच कळतं. मी गेलो की मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवरून उठून मला जागा देत. मग माझ्या धाकट्या मेहुणीचं, शोभाचं, लग्न झालं, आणि काही वर्षांत गल्लीतली पोरं माझी ओळख 'जाकीटवाल्याचे साडू' अशी सांगायला लागली. नार्नूरला माझं जनरल स्टोअर आहे, गिऱ्हाइकाशीसुद्धा मी मोजकंच बोलतो. पण आता या वयात आडपडदा ठेवून काय करायचं? त्या माणसाचा मी आयुष्यभर हेवा केला.

ते शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे. घर आदिलाबादला, पण आठवड्यातले बहुतेक दिवस गाडीवर. इंद्रवेल्ली, उटनूर, केरामेरीचा घाट, तिथून खाली वांकिडी. बाजाराच्या गावांतले तेलुगू दुकानदार त्यांना 'जाकेट सार' म्हणत. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "साडूभाऊ, एवढ्या उन्हात हे काऊन घालता? शिजून जाल ना आत!" ते हसले. म्हणाले, "भाऊ, ऊन लागलं त घाम येते. रस्ता लागला त कातडं जाते. घाम पुसता येते." मामाजींनी मांडीवर थाप मारली आणि ते वाक्य पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. मी काही बोललो तर मामाजी मान हलवायचे. थाप कधी मारली नाही.

निघण्याआधी ते गाडीला एक फेरी घालत. टायर अंगठ्यानं दाबून बघायचे, चेन बोटानं वरखाली करायचे, ब्रेक, दिवा, हॉर्न. घरातली माणसं निरोप द्यायला दारात ताटकळलेली आणि हे वाकून मागच्या चाकात डोकावतायत. "जवाईबापू गाडीची पूजा करून राह्यले," असं सासूबाई म्हणत, पण कौतुकानं. चेनला तेल ते संध्याकाळी घरी आल्यावर, गाडी गरम असतानाच देत. सकाळी निघताना दिलेलं तेल रस्त्यावरच उडून जातं आणि वरून धूळ धरतं, असं त्यांचं म्हणणं. मी सकाळीच देत असे, आणि माझ्या पँटच्या डाव्या पायावर काळे ठिपके कायम असत. ते ठिपके त्यांना दिसायचे. बोलायचे नाहीत. मला त्याचाही राग यायचा.

अधिक महिना आला तेव्हाची गोष्ट. धोंडे खायला दोन्ही जावयांना बोलावलं होतं. पाट मांडले, अनारसे वाढले. मामाजी म्हणाले, "बोला जवाईबापू, काय पायजे? लाजू नका." माझ्या बायकोनं अंगठीचं आईच्या कानावर आधीच घालून ठेवलं होतं, म्हणून मी रीतीप्रमाणे खाली मान घालून बसलो. तेवढ्यात शेजारच्या पाटावरून आवाज आला, "मामाजी, तुमच्या दोनी पोरी गाडीवर मांगं उघड्या डोक्यानं बसतेत. त्यायले एकेक हेल्मेट घेऊन द्या. आमाले काई नको."

'आमाले.' माझी अंगठी त्या एका शब्दात गेली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझी बायको माझ्याकडे बघेना, कारण तिलाही ते आवडलं होतं. पुढे आम्ही दोघं गाडीवर जायचो तेव्हा हेल्मेट तिच्या डोक्यात असायचं आणि माझं माझ्या कोपराला लटकलेलं. पोलीस दिसले की मी ते घाईनं डोक्यात कोंबत असे. मागून ती म्हणायची, "घाला आता, तुमचे साहेब आले."

रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे अशा एखाद्या वाक्यात बांधलेली असे. पावसात घाटात सागाची पानं पडतात, त्यांना ते साबण म्हणत. "साबणावर ब्रेक मारत नसतेत, आधीच हळू व्हायचं असते." कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर असे फुगवून भरतात की पुढचं काही दिसत नाही. त्याच्या मागे ते निवांत चालत, घाई करणाऱ्याला वाट देत. "आपल्याले दिसून नाही राह्यलं म्हणजे समोर काई नाही असं नसते, भाऊ." मी मात्र हॉर्न वाजवत पुढे घुसणारा. माझी गाडी दोनदा रस्त्याखाली गेली, दोन्ही वेळा मी घरी सांगितलं की कुत्रं आडवं आलं.

त्यांना मूल झालं नाही. आम्हाला एकच मुलगी, वैशू. लहानपणी ती त्यांचं हेल्मेट डोक्यात घालून अंगणभर धडका घेत फिरायची. तिला सायकल मी शिकवली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यांनी शिकवलं. ती कॉलेजात शेती शिकली, शेतीखात्यात सरकारी नोकरी लागली आणि कामाला इंद्रवेल्लीकडची गावं आली. बांधाबांधावर जायचं, तिथे बस कुठून येणार? मी म्हणालो, मी सोडून देत जाईन. वैशू म्हणाली, "बाबा, दुकान कोण पाहीन? अन् तुमच्या मांगं बसायचं मले भेव वाटते." ती हसत म्हणाली. मीही हसलो.

साडू म्हणाले, स्कूटी नको, लहान चाक खड्ड्यात अडकतं, मोटारसायकलच घ्या. दर रविवारी ते आदिलाबादहून यायचे आणि शाळेच्या मैदानात तिला शिकवायचे. चालवायला ती दोन दिवसांत शिकली. बाकीचे रविवार थांबायला शिकवण्यात गेले. "पळवता कोणालेबी येते, बाई. थांबून दाखव." मी दुकानाच्या पायरीवरून बघायचो. घरी येऊन ती आईला सगळं सांगायची. माझ्याशी कधीच इतकं बोलली नव्हती. तसा मीही तिच्याशी बोललो नव्हतो, पण तो हिशोब तेव्हा मी केला नाही.

कामावर रुजू होण्याच्या आदल्या रविवारी घरी चार पाहुणे जेवायला होते. मी तिला सोन्याचे टॉप्स आणले होते. तिनं "छान हायेत बाबा" म्हणून डबी कपाटात ठेवली. मग शोभा आणि साडू आले. त्यांच्या पिशवीतून एक जाकीट निघालं. बायकांच्या मापाचं मिळत नाही, म्हणून त्यांनी इंद्रवेल्लीच्या एका शिंप्याकडून जाड कॅनव्हासचं शिवून घेतलं होतं. कोपरांना आणि खांद्यांना आतून पॅड, पाठीवर अंधारात चमकणारी पट्टी. वैशूनं ते घातलं आणि आरशासमोर गोल गोल फिरत राहिली. कोणीतरी म्हणालं, बापाची परवानगी घेतली का गाडीची? ती म्हणाली, "बाबाले काय समजते गाडीतलं! मी मावसाजीले विचारूनच निघत जाईन." सगळे हसले.

मी म्हणालो, "ज्याले आपलं लेकरू नाही, त्याले दुसऱ्याच्या लेकरावर हौस भागवाले काय जाते? हातपाय मोडले त माझ्या पोरीचे मोडतीन."

शोभाच्या हातात जेवणाचं ताट होतं. ती ते घेऊन तशीच आत गेली. साडू वैशूच्या मनगटाचा पट्टा बसवत होते. तो त्यांनी नीट बसवला, दोनदा ओढून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, भाऊ." इतकंच. जेवून गेले, ताटात काही टाकलं नाही. रविवारी यायचे मात्र बंद झाले. सासुरवाडीलाही मी नसेन असे दिवस धरून जात. मी जिंकलो होतो. वैशू घरात माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

त्याच वर्षी सोयाबीन निघाल्यावर ती पडली. आमच्याकडे लोक डांबरी रस्त्यावरच सोयाबीन वाळत घालतात. वळणावर दाणे पसरलेले, चाक सरकलं. दुकानात मला फोन आला, "बाबा, मी पडली. बरी हाय. तुमी या." मी शटर अर्धंच ओढून निघालो. खरं सांगायचं तर अर्ध्या रस्त्यापर्यंत भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मनात होतं. तिनं मला बोलावलं होतं, त्यांना नाही.

ती मोहाच्या झाडाखाली बसली होती. सोयाबीनवाला म्हातारा तिला पाणी देत होता आणि मधेमधे कपाळावर हात मारून घेत होता. जाकिटाचं डावं कोपर फाटून आतला पॅड बाहेर आला होता. मी बाही वर केली. कातडीवर लाल वळ, बाकी काही नाही. मी तेच कोपर हातात धरून बसलो. बसल्या बसल्या, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं, "मावसाजीले सांगितलं का?"

"नाही."

मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मग ती म्हणाली, "त्यायनंच सांगून ठेवलं हाय. पडली-झडली त पयला फोन बाबाले कर. मले दुसऱ्या दिवशी सांगशीन तरी चालते. बापाले दुसऱ्याकडून कळू नये."

"कधी सांगितलं?"

"तुमी बोलले ना त्यायले, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता." आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्याच्यानंतर कधीच नाही केला त्यायनं. मीच करतो."

दिवाळी झाल्यावर मी आदिलाबादला गेलो, माफी मागायलाच गेलो. ते अंगणात होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "भाऊ, तुमची चेन लय सैल झाली. कोपऱ्यावरूनच समजलं तुमी आले म्हणून." मला पाट दिला आणि माझीच गाडी उभी करून चेन रॉकेलनं धुवायला घेतली. मी मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत होतो, ते तेल सोडत होते. शोभानं चहा ठेवला आणि आत गेली, बाहेर आली नाही. बोलायला माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती. मी म्हणालो, "वैशूचं कोपर वाचलं." ते म्हणाले, "शिंपी चांगला हाय." निघताना त्यांनी चेन बोटानं वरखाली करून दाखवली, इतकीच ढील पाहिजे म्हणाले. मी बरं म्हणालो. गाडी परत येताना अजिबात वाजली नाही. माफी न मागताच परतलो मी.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. रस्त्यावर नाही. उटनूरच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानात बसले होते, पाणी मागितलं आणि छातीला हात लावून कलंडले. लोक म्हणाले, एवढं सगळं अंगावर घालून हिंडला, शेवटी उपयोग काय? एरवी मी स्वतःच असं बोललो असतो. त्या दिवशी मी उठून म्हणालो, "माझी पोरगी उभी हाय ना समोर, तो उपयोग."

मडकं धरायला त्यांच्या चुलतभावाचा मुलगा पुढे झाला होता. तेवढ्यात शोभा बायकांतून उठून माझ्यापाशी आली. आम्ही दोघं कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. "भाऊजी," ती म्हणाली, "वैशूच्या हातानं आग द्यावी असं मले वाटते. पण तुमी हो म्हणान तरच." आतल्या खोलीत ताट घेऊन गेलेली ही बाई माझ्याकडे माझी मुलगी मागत होती, आणि परवानगी घेऊन मागत होती. मागे वैशू उभी होती. "बाबा?" म्हणाली.

"दे," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांपैकी एकजण कुरकुरला, पोरीच्या जातीनं कसं? मी म्हणालो, "बाप मी हावो. मी सांगून राह्यलो."

परतताना लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. साडूसाठी एवढं कोण करतं, म्हणाले. मी मान खाली घातली. वैशू खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरत होती तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात काय आलं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या वेळी तीच उभी राहील, मलाही दुसरं कोण आहे? ती सगळं नीट करील, कुठे अडखळणार नाही. पण तेव्हा तिचे हात सरावलेले असतील. आज, त्यांच्यासाठी, ते थरथरत होते.