नीलेशची चाकं बाहेर

गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त व्हायला तासभर लागतो, ती बघणारे मात्र दिवसभर बसतात. त्यामुळे मुरबाडला आमच्या बाळूदाच्या गॅरेजात भंगारापेक्षा किस्सेच जास्त साचलेत. माझं बियाण्यांचं दुकान त्याला लागूनच आहे. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे, आणि असलं तरी बऱ्याचदा तिकडेच!

सध्या चलती आहे ती नीलेशच्या गाडीची. नीलेश धसईचा, आसनगावकडे कंपनीत कामाला. मुलगा गुणी, पण लग्न काही जमेना. दुसरा नकार आला तेव्हा त्याने खापर फोडलं आपल्या सेकंडहँड गाडीवर. म्हणे, चाकं फार आत आहेत, गाडी अंग चोरून उभी राहते! त्यावर त्याला उपाय सापडला स्पेसरचा. चाक आणि ते ज्याला बोल्टने जोडतात तो हब, यांच्यामध्ये बसवायची ही धातूची चकती. तिच्यामुळे चाक बाहेर येतं आणि गाडी रुंद दिसते.

*

त्याने ऑनलाइन मागवले ते विटेएवढे जाड, आणि मधलं भोक हबपेक्षा मोठं. चाक बरोबर मध्यावर बसणार नाही, थरथरेल, असं बाळूदाने सांगून पाहिलं. नीलेशचं एकच, बोल्ट कचकून आवळू की!

बाळूदाने मग वाद घातला नाही. स्वतःचा मोठा बूट त्याच्या पायात चढवला, नाडी कचकून बांधली आणि एसटी स्टँडपर्यंत जाऊन यायला सांगितलं. नीलेश परत आला तो लंगडत. पार्सल त्याच दिवशी माघारी गेलं.

*

मग बाळूदाने स्वतः बघून पातळ स्पेसर मागवले, हबवर चपखल बसणारे, सोबत तेवढेच लांब बोल्ट. नीलेशच्या आईने ते आधी घरी नेले. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची कशी? प्रत्येक चकतीला दोन्ही बाजूंनी हळद-कुंकू, वर अक्षता, आणि मगच आमची ही मावशी ते घेऊन गॅरेजात आली.

बाळूदाने वायर ब्रशने हब घासून लख्ख केला, चकती ठेवली, तर ती डुगडुगली. खाली तांदळाचा दाणा चिकटलेला! बाळूदा फडक्याने सगळं पुसू लागला, तशी मावशी कडाडली. मोठा पेच पडला. शेवटी बाळूदा हात जोडून म्हणाला, "मावशे, देव बाहेर बसव. आत धातूला धातूच लागाया पायजे."

मावशीला ते पटलं. चाकं चढल्यावर तिने चारही टायरना कुंकू लावलं, आणि बाळूदाच्या कपाळालाही.

*

बोल्ट आवळले ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे एकेक करत. तरी बाळूदाचं समाधान होईना. गाडी भरल्यावर टायर मडगार्डला घासतो का, ते बघायचं होतं. वजन हवं होतं. त्याने बाकड्यावर बसलेल्या आम्हा तिघांकडे पाहिलं आणि मागच्या सीटवर कोंबलं. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, स्पीडब्रेकरवरून आम्हाला आदळत आणलं. गॅरेजला आमचा उपयोग झाला तो आयुष्यात पहिल्यांदाच.

*

थोडी गाडी चालवून झाली की बोल्ट पुन्हा तपासून घ्यायचे असतात. गिऱ्हाईक त्यासाठी कधीच फिरकत नाही, हे बाळूदाला पक्कं ठाऊक. म्हणून त्याने ते नीलेशला सांगितलंच नाही, मावशीला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी गाडी दारात. पुढच्या सीटवर मांडीत भाजीची टोपली घेऊन मावशी. "आवळ बाबा, मंग मी बाजारात जाते."

*

आणि मग तिसरं स्थळ आलं, तानसाकडचं. मुलीला नीलेशचा गाडीशेजारचा फोटो पाठवला होता. मुलीचे वडील एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, शिस्तीचे. असली गाडी बघून ते पोराला टपोरी समजतील, असं आम्हीच त्याच्या मनात भरवलं. बिचारा घाबरला. मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी स्पेसर उतरवून जुने आखूड बोल्ट लावून घेतले. धीर द्यायला बाळूदाला आणि मला सोबत नेलं.

पोहे आले. वडिलांनी नोकरीचं विचारलं, खूश दिसले. मुलगी दीपाली मात्र खिडकीतून अंगणातल्या गाडीकडेच बघत होती. काही विचारायचंय का, असं तिला म्हटल्यावर तिने मोबाइल पुढे केला.

"फोटोत चाकं भायेर हायत. आज आत कशी?"

नीलेशने बाळूदाकडे पाहिलं. बाळूदाने पोह्यांकडे. हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं आणि त्या पोराची खरंच कीव आली.

"स्पेसर होते," नीलेश कसाबसा म्हणाला. "तुमच्या बाबांना आवडनार नाय, म्हनून काढले."

"फोटो बाबांना पाठवलावता का मला?"

नीलेशने पोह्यांची बशी खाली ठेवली, पण दीपाली थांबली नाही.

"हायत कुठं?"

"डिकीत."

"मंग बसवा. मी बगते."

नीलेश इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत उठला. मागोमाग बाळूदा. वडील जागचे हलले नाहीत, फक्त आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "पोहे झाकून ठेव गो."