गोमा पाटलांचे अंग

मी कडावच्या शाळेवर रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गोमा पाटील मला भेटायला आले. शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली पडवी, आणि सामान म्हणजे एक फळा, एक पेटी आणि मास्तरांसाठी एक खुर्ची. पडवीला तीनच पायऱ्या होत्या. त्या चढून पाटील खांबाला धरून उभे राहिले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी तिचा एक पाय हलवून पाहिला आणि ती हळूच मागे सारली.

"नको मास्तर. ही मोडली तर तुमाला दुसरी यायला वरीस लागंल," असे म्हणून ते जमिनीवर बसले. उठताना त्यांना दोघांनी हात द्यावा लागला. त्या दोघांतला एक मी होतो. त्यांचा हात माझ्या हातात आला तेव्हा तो ओला आणि थंड लागला. नुसते बसलेले माणूसही इतके दमलेले असते हे मी तोवर पाहिले नव्हते.

या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. माझी नोकरी संपली, दात गेले, त्या वेळची नावेही आठवेनाशी झाली. पण पाटलांचे बोलणे अजून कानात आहे. ते अंगाबद्दल असे बोलत, जणू काही ते आडमुठे जनावर त्यांच्या गळ्यात कुणी बांधून दिले होते. "वझं आसतं तर बांधावर ठेवून घटकाभर बसलो आसतो," ते म्हणत. "ह्ये अंग हाय मास्तर. खाली ठेवता येत नाय."

गावात त्यांना मान होता. भाताची जमीन मोठी, घरात कणग्या भरलेल्या. पण लावणीच्या दिवसांत सगळे गाव चिखलात वाकलेले असताना पाटील बांधावर इरल्याखाली बसलेले असत, आणि ते त्यांना फार लागे. एकदा ते वाकायला गेले आणि तसेच चिखलात बसले. चार गड्यांनी त्यांना ओढून काढले. कोणी हसले नाही. पाटील मला म्हणाले, "हासले आसते तर बरं वाटलं आसतं."

त्यांना भीती होती ती वडिलांची. त्यांचे वडीलही असेच होते. पन्नाशीच्या आतच, दुपारी ओटीवर झोपले ते उठले नाहीत. मी कडावला गेलो तेव्हा पाटील शेहेचाळीस वर्षांचे होते आणि धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे होते. एके दिवशी शाळा सुटल्यावर ते पडवीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला विचारले, "मास्तर, तुमी शिकलेलं हाय. खरं सांगा. अंग पोटानं उतरतं का पायानं?"

मी वीस-बावीस वर्षांचा, काडीसारखा. मला त्या प्रश्नाची कधी गरजच पडली नव्हती.

उत्तर देणारे दोघे होते. कर्जतचे वैद्य म्हणत, अन्न निम्मे करा. पलटणीतून पेन्शन घेऊन गावी परतलेले हवालदार म्हणत, अन्नाला हात लावू नका, रोज चाला. दोघेही आपापल्या मतावर ठाम होते आणि चावडीवर भेटले की पाटलांना मधे बसवून भांडत. पाटील दोघांचेही ऐकत आणि दोघांनाही मान डोलवत.

आधी त्यांनी वैद्यांचे ऐकले. रात्रीचा भात बंद, सुकट बंद, तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची, तीही एक. पाटलीणबाई समोर बसून वाढत आणि तोंड फिरवत. पंधरा दिवसांत पाटलांचा स्वभाव बदलला. एरवी कुणाला अरे न म्हणणारा माणूस बैलावर ओरडू लागला. कमरेच्या करगोट्याला गाठ मारून ते मोजत. एक गाठ आत गेली, दुसरीही गेली. मग नवान्नाचे दिवस आले. घरभर नव्या भाताचा वास. पाटील तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी त्यांनी पातेलेच पुढे ओढले. मी तिथे होतो. जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि हात थांबत नव्हता.

मग हवालदारांची पाळी आली. रोज पहाटे नदीपर्यंत चालायचे आणि परत यायचे. सोबतीला मी. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर चार वेळा बसलो. महिनाभराने एकदाच बसू लागलो. दम खरोखर वाढला होता, पण करगोट्याची गाठ जागची हलली नव्हती. कारण पाटलीणबाईंनी मला सांगितले. "आधी चार भाकरी लागायच्या, आता सहा. चालून आलं का चुलीपाशीच बसतात."

एकदा आम्ही बैलगाडीने कोंडाण्याच्या लेण्यांकडे गेलो. हवालदारांनी सांगितले होते की लेण्यांचा चढ चढलात तर समजा जिंकलात. निम्म्या चढावर पाटील एका दगडावर बसले. "तुमी जाऊन या. काय हाय ते मला सांगा." मी वर जाऊन आलो आणि सांगितले की दगडात माणसे कोरली आहेत, जोडीजोडीने नाचताहेत. पाटलांनी विचारले, "त्यांच्यात कोणी जाडा हाय काय?" मी नाही म्हणालो. "म्हंजे आपल्यातला कोणी नाय," ते म्हणाले आणि उतरू लागले. त्या उतारावर ते फार थकले.

त्यानंतरच्या साली देशावर पाऊस झाला नाही. आमच्याकडेही कमीच झाला, पण भात हाती लागले. दिवाळीनंतर बोरघाटातून माणसे खाली येऊ लागली. आधी कामधंदा शोधणारे गडी आले, मग घरेच्या घरे आली. खोपोलीच्या तळ्याकाठी, कर्जतला रुळांच्या कडेला, झाडांखाली ती बसलेली असत. कडावपर्यंत पहिल्यांदा आल्या त्या दोन बायका, एक सारजाबाई नावाची म्हातारी आणि तिची सून. मुलगा घाटातच गेला होता. म्हातारी "ल्योक वाटंत ऱ्हायला" एवढेच म्हणे. सुनेने पाटलीणबाईंना खरे सांगितले.

पाटलांनी त्यांना गोठ्याशेजारी जागा दिली. त्या दिवसांत ते पुन्हा वैद्यांच्या सांगण्यावर होते. वैद्यांनी या वेळी नवीन रीत सांगितली होती. पान नेहमीसारखे वाढून घ्यायचे आणि त्यातले निम्मे बाजूला काढायचे, म्हणजे मनालाही वळण लागेल. काढलेले अन्न बैलापुढे जाई. दुसऱ्या दुपारी मी हजेरीपटावर सही घ्यायला गेलो तेव्हा पाटील पडवीत जेवत होते. त्यांनी उठून दोन भाकरी बैलापुढे टाकल्या. सारजाबाई गोठ्याच्या दाराशी बसली होती.

"पाटील, भाकर बैलाला का घातली?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता. तिला कळले नव्हते म्हणून तिने विचारले.

"अंग उतरवायचं हाय," पाटील म्हणाले. "वैद्यानं सांगितलंय, निम्मंच खायाचं."

"अंग उतरवायचं? ते कशापायी बाबा?" म्हातारीने विचारले, आणि बैलाकडे बघत म्हणाली, "आमचं तर आपसूक उतरलं."

पाटलांनी आपले पान उचलून सासू-सुनेपुढे नेऊन ठेवले आणि ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी सही न घेता परतलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली कणगी फोडली. अंगणात तीन दगड मांडून मोठे हंडे चढवले आणि पेज शिजू लागली. पाटलीणबाई म्हणाल्या, "अवं, पुढच्या सालीबी पाऊस नाय आला तर आपुन काय खायाचं?" पाटील म्हणाले, "तवा आपुनबी खाली उतरू." पण कडावच्या खाली कुठे उतरायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. त्यांनी पदर खोचला आणि हंड्याशी बसल्या.

सकाळी पाटील गाडी घेऊन कर्जतला जात. येताना गाडीत ज्यांना चालवत नाही ती माणसे असत, म्हणून पाटील गाडीमागून चालत. तीन कोस. घरी आल्यावर वाढायला स्वतः उभे राहत. माणसे जमिनीवर बसलेली, म्हणून प्रत्येकापुढे वाकावे लागे. शाळेत मुले येईनाशी झाली होती. मी शाळा लवकर सोडून तिकडे जाई आणि पाणी भरी. रोज तेच. लाकडे, पाणी, पेज, भांडी, आणि पुन्हा लाकडे. कोणी बरे झालेले दिसत नसे, कारण जरा धड झाले की माणूस कामाच्या शोधात निघून जाई आणि त्याच्या जागी दुसरे येऊन बसे.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. एक उंच गडी आला होता. पेज प्यायला आणि पुन्हा मागितली. पाटलांनी दिली. तिसऱ्यांदा मागितली. वर भातही मागितला. पाटलांना नाही म्हणवेना. संध्याकाळी त्या गड्याचे पोट फुगले आणि तो मेला. वैद्य कर्जतहून आले, त्यांनी पाहिले आणि पाटलांना बाजूला घेऊन सांगितले, "इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर देऊ नये. आधी पातळ, तेही थोडे. मागितले तरी द्यायचे नाही."

"माझ्या हातानं गेला म्हणा की," पाटील म्हणाले. वैद्यांनी हंड्याजवळची एक वाटी उचलली, अर्धी भरली आणि पाटलांच्या हातात दिली. त्या एका क्षणी मला ते वैद्य फार चांगले वाटले.

तेव्हापासून पाटील मोजून वाढू लागले. नव्या माणसाला अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी वाटीभर. लोक हात जोडत, पाय धरत, काही शिव्याही देत. या एवढ्या थोरल्या देहाच्या माणसाने आपल्याला अर्धी वाटी द्यावी, याचा राग त्यांना येणे साहजिक होते. एक बाई तोंडावर म्हणाली, "सवताचं प्वाट बघ आधी." पाटील पुढच्या माणसाकडे वळले. स्वतः ते अंधार पडायच्या आधी हंड्याच्या तळाशी उरलेली पेज पीत, आणि तीही कधी कधी तशीच ठेवत. मी म्हणालो, "पाटील, खा. उद्या परत चालायचे आहे." ते म्हणाले, "भूक लागत नाय रं मास्तर." माझ्याशी ते एकदाच असे अरेतुरेने बोलले.

ज्येष्ठापर्यंत असे चालले. तीन कणग्या संपल्या. करगोटा मांडीपर्यंत घसरू लागला, तेव्हा पाटलीणबाईंनी तो काढून नवा बांधला. मृग वेळेवर लागला आणि घाटापलीकडेही पाऊस झाल्याची खबर आली, तशी माणसे परत निघाली. सारजाबाई आणि सून शेवटी निघाल्या. पाटील त्यांना खोपोलीपर्यंत गाडीतून आणि पुढे पायी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत पोचवून आले. म्हातारीने निरोप घेताना त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलास बाबा. जिवाला जप." परतल्यावर पाटील मला हे सांगत होते, आणि मधेच म्हणाले, "घाट चढलो मास्तर. दम लागला नाय. ध्यानातबी नाय आलं."

त्या पावसाळ्यात ते लावणीला उतरले आणि वाकले.

चावडीवर पुन्हा वाद सुरू झाला. हवालदार म्हणाले, रोजच्या तीन कोसांनी अंग उतरले. दुसरे म्हणत, खाणे तुटले म्हणून उतरले. वैद्य मात्र आता गप्प असत. सगळ्यांनी पाटलांनाच विचारले. "मला नका इचारू," ते म्हणाले. "मी काय अंग उतरवायला गेलो नव्हतो." मग ते उठून गेले. त्यांना उठताना कुणाचा हात लागला नाही, पण चाल म्हाताऱ्या माणसाची झाली होती.

पुढे माझी बदली झाली. चार वर्षांनी कर्जतला कामानिमित्त आलो तेव्हा मुद्दाम कडावला गेलो. पाटील ओटीवर बसले होते, पहिल्याइतकेच जाड, कदाचित जास्तच. मला पाहून हसले आणि आपल्या पोटावर हात ठेवला. "परत आलं बघा. सालं बरी गेली."

धाकटीचे लग्न झाले होते, नातू झाला होता. जरा वेळाने मी विचारले की आता तरी सांगा, पोटाने की पायाने.

"पोटानंच," ते म्हणाले. "पायानं दम येतो, पर भूकबी येते. पोटानंच उतरतं. तेवढं खरं हाय वैद्याचं." मग म्हणाले, "पर पोट ऐकत नाय मास्तर. माझं एकदाच ऐकलं. तेबी माझं नाय ऐकलं, समोर बसले हुते त्यांचं ऐकलं. तसं साल परत येऊ नये. त्यापरीस हे अंग बरं."

पुढच्या दिवाळीनंतर ते गेल्याचे कळले. वडिलांपेक्षा तीन-चार वर्षे जास्त जगले. मी भेटायला गेलो तेव्हा पाटलीणबाई ओटीवर एकट्याच होत्या. त्यांनी सगळे सावकाश सांगितले. खांदा द्यायला आठ जण होते, तरी वाटेत दोनदा तिरडी टेकावी लागली. आठांपैकी दोघे देशावरचे होते, त्या साली आलेले आणि इथेच शेतावर राहिलेले. ते टेकायला तयार नव्हते.

"जेवायला बसले हुते," बाई म्हणाल्या. "त्या सालापासून रीत पडली हुती. पयला घास हातात घ्यायचा नि दाराकडं बघायचं. कोणी नाय आसं बघून मंग खायाचं. त्या दिशी घास हातातच राहिला. बघतच बसले. मला वाटलं कोण आलं, म्हणून मी भाकर घेऊन भायेर गेले."

"कोण होते?"

"कोणी नव्हतं. मी परत आले तवा हे बी नव्हते."

त्यांच्यामागे नव्या कणग्या उभ्या होत्या, तोंडापर्यंत भरलेल्या.