फेस आलेला गुळांबा

दुष्काळाच्या त्या वर्षांत सोलापुरात वडील कामाला होते ती कापडगिरणी कधी चालू, कधी बंद असायची. आई वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या आणून गुळांबा करायची; पण गूळ पुरेसा नसल्यामुळे तो पावसाळ्यातच आंबायचा.

एकदा कॉलेजातली मैत्रीण घरी आली. आईने कौतुकाने तिच्या ताटात तोच वाढला.

“अगं, ह्याला फेस आलाय की!” मैत्रीण हसली.

“गूळ कमी पडला, पोरी. आंबट लागंल, पर खा,” आई सरळ म्हणाली.

मैत्रीण हसली त्यापेक्षा आईने घरातली ओढाताण अशी उघड सांगितली, याचीच मला जास्त शरम वाटली. मैत्रिणीचं खाऊन होईपर्यंत मी मान वर केली नाही.

घरातली पहिली पदवीधर मीच. नोकरी लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी कैऱ्यांच्या वजनाइतका गूळ आणला. आईने त्याचा केलेला गुळांबा दिवाळीपर्यंत टिकला.