खांबावरची वनिता

मी वायरमन असूनही मला उंचीची भीती वाटते, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. वनिता नोकरीवर आली तेव्हा “हे बायकांचं काम नव्हे,” म्हणून मीच तिला ऑफिसात बसवून ठेवलं होतं.

काल साहेबांनी तिलाच खांबावर चढवलं. वरून हसत ओरडली, “काका, चढतेय मी, घाम तुम्हाला का फुटलाय?”

तिनं तुटलेली तार जोडली आणि बंद पडलेली पिठाची गिरणी घरघरली. रांगेतल्या बायकांनी काय जल्लोष केला! आमच्या तालुक्यात आता पोरी एसटी चालवतात, गोदामात फोर्कलिफ्टही चालवतात. कामं पूर्वीही होती, पण दार अडवून आम्ही उभे होतो.

वनिता ताठ मानेनं खाली उतरली. भीती माझी होती, हे तिला सांगणं अजून बाकी आहे.